सुपाला लागलेला पाय

मोह गळायला लागला की माझं डोकं फिरतं. हसू नका, दारूबद्दल बोलत नाही मी. ऐंशीला टेकले, थेंबभर कधी घेतली नाही. पण फाल्गुन सरता सरता पहाटेच्या वाऱ्याबरोबर तो गोडसर, आंबूस, जरा कुजका वास खिडकीतून आत आला, की मी सकाळपासून भांडायला माणूस शोधते. दूधवाला सापडला तर दूधवाला. कोणीच नाही सापडलं तर भिंतीवरचं कॅलेंडर आहेच. घरच्यांना आता सवय झाली आहे. या दिवसांत ते चहा ठेवून बाजूला होतात.

यंदा माणूस आपल्या पायानं चालत आला, म्हणजे फोनवर. आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. गोड बाई, आवाजात साखर. शाळेचा मोठा सोहळा आहे, स्मरणिका काढताहेत, आणि कपाट आवरताना त्यांना जुनं शेरेबुक सापडलं. त्यात शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांच्या अक्षरात माझ्याबद्दल शेरा आहे. त्यांनी तो वाचून दाखवला: दोन्ही हातांनी अधू अशा या विद्यार्थिनीस गुरुजींनी अथक परिश्रमाने पायाने लिहिण्यास शिकविले, ही गोष्ट इतर शाळांनी कित्ता गिरवावा अशी आहे. तर ताई, गुरुजींबद्दल कृतज्ञतेचे दोन शब्द लिहा ना. गुरुजींच्या फोटोशेजारी छापू. आणि शक्य असेल तर स्वहस्ताक्षरात.

हस्ताक्षर! अहो बाई, हात असता तर एवढं रामायण कशाला झालं असतं? पण मी हो म्हणाले. पायाच्या अंगठ्यानं फोन बंद केला आणि दिवसभर धुमसत बसले. गुरुजी गेले, त्यांच्यावर राग धरून काय करू? त्या बिचाऱ्या मुख्याध्यापिकेचाही दोष नाही. तो शेरा खोटा आहे, आणि तो खोटा शेरा कोणाच्या तोंडून निघाला, ते मला पक्कं माहीत आहे.

सांगते. माझे हात जन्मापासून असे. मनगटं आत वळलेली, बोटं मिटलेली, ती कधी उघडली नाहीत. कोपराच्या खाली जीव नाही. गावानं कारण दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं: आईनं ग्रहणात विळीला हात लावला. आई म्हणायची, नाही लावला. मग म्हणे, नकळत लावला असशील. झालं. त्या न लावलेल्या विळीचं पाप आईनं मरेपर्यंत डोक्यावर वाहिलं आणि शेवटी शेवटी तर तिला स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, गावाचं काय जातं? मला अजून वाटतं, त्या ग्रहण सांगणाऱ्या एकेका बाईला ओळीनं उभं करावं आणि विचारावं.

शाळेत मला घेतलं ते पटावर एक डोकं वाढेल म्हणून. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. चामोर्शीच्या अलीकडचं आमचं गाव, धानाची शेती, गावाच्या पाठीला जंगल, शाळा म्हणजे मातीची एक लांब खोली. मी दाराजवळ बसायची. पाढे पाठ, कविता पाठ, फळ्यावरचं अक्षर न् अक्षर डोक्यात. तिसरीपर्यंत तोंडी विचारून गुरुजींनी वर ढकललं. चौथीला मात्र लेखी परीक्षा, आणि ती घ्यायला डिप्टी साहेब येणार. गुरुजींनी माझ्या बापाला बोलावून सांगितलं, हिचं शिक्षण इथं संपलं, पोरगी हुशार आहे पण पेपर काय तोंडानं लिहील? बाप मान खाली घालून परत आला. तो तसा भांडखोर माणूस, बांधावरून लोकांची डोकी फोडायला निघणारा. पण माझा विषय आला की त्याची मान खालीच असायची. याचाही मला राग येतो.

तेव्हा मोहाचे दिवस होते. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत गाव रिकामं होतं. अंधारातच बाया टोपल्या घेऊन निघतात, झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, आणि उजाडेपर्यंत त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलांचा सडा पडतो. शाळेत निम्मी पोरं नसतात. मोह वेचायचा म्हणजे दहा बोटांचं काम. मी काय करणार? आई मला वाटेवरच्या शेवटच्या घरी सोडून पुढं जायची. ते घर पार्बताबाई बुरडणीचं.

बुरड म्हणजे बांबूचं काम करणारे. टोपल्या, सुपं, परडे, धान ठेवायच्या ढोल्या, सगळं त्यांच्या हातचं. पार्बताबाई विधवा, एकटी, पन्नाशीची असेल. मोहाच्या दिवसांत साऱ्या गावाला नवी टोपली हवी, म्हणून ती जंगलात न जाता अंगणात बसून विणायची. आई मला बजावून जायची: बस, पण पाणी पिऊ नको. बुरडाच्या घरचं पाणी आमच्यात चालत नसे. टोपली चाले. सूप चाले. त्या सुपात पाखडलेलं धान चाले. पाणी नाही चालायचं.

पहिल्याच दिवसाची गोष्ट. अंगणात चटईवर मोह वाळत घातला होता आणि मला भूक लागली होती. मी इकडंतिकडं पाहिलं, आणि पायाच्या दोन बोटांत एक फूल उचलून तोंडाशी नेलं. घरी हे केलं की पायावर चिमटा बसायचा, गरम नाही, पण लोखंडी. पायानं अन्न उचलते, लक्ष्मीला पाय लावते, पुढच्या जन्मी कोण होशील? म्हणून मी ते चोरून करायची. मान वर केली तर पार्बताबाई माझ्याकडेच पाहत होती. मी पाय पोटाखाली घेतला. हातातलं काम सोडून तिनं एक बांबूची बारीक कामटी माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, ही उचल बरं.

आता तिच्याकडे पाहायला मला फुरसत मिळाली. ती जमिनीवर बसली होती, पाय पुढं. एका पायाच्या टाचेखाली टोपलीचं बूड दाबलेलं, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यात नि शेजारच्या बोटात कामटी धरलेली, आणि हातातल्या कोयत्यानं ती कामटी उभी चिरत होती. बांबू सरकला की पाय सरकत होता, हाताच्या आधी. चार हातांची बाई बसावी तशी ती बसली होती. मी तिला आणि तिच्यासारख्यांना आयुष्यभर पाहत आले होते, बाजारात, मंडईत. पण हे कधी पाहिलंच नव्हतं. गावानंही पाहिलेलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी रोज पाहिलेलं होतं.

कामाला बसण्याआधी ती एक गोष्ट करायची. दोन्ही हात स्वतःच्याच पायांना लावायची आणि मग कपाळाला. मी विचारलं, आपल्याच पाया कोण पडतं? ती म्हणाली, सुतार वाकसाच्या पाया पडते नाई का दसऱ्याले? तसंच. हे माहे हत्यार हायत.

पंधरा-वीस दिवस. बस, एवढेच. त्यात तिनं मला काय शिकवलं? अक्षर एकही नाही. तिला कुठं येत होतं? तिनं मला धरायला शिकवलं. आधी जाड कामटी, मग बारीक, मग काडी. धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. अंगठ्यात जोर नको, ती म्हणायची, शेजारच्या बोटात ठेव. मग चुलीतली राख अंगणात पसरली आणि म्हणाली, काढ आता तुह्या मास्तरचं जे काय असन ते. मी अ काढला. राखेत तो कोंबडीनं उकरल्यासारखा दिसत होता. तिनं मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, बरोबर हाय का? मी म्हणाले, नाही. मग पुसला, पुन्हा काढला. ती टोपली विणत राहायची, मी राख पुसत राहायची. बोटांच्या बेचक्यात फोड आले, फुटले, तिनं मोहाच्या बियांचं तेल चोळलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी तिच्या घरचं पाणी मागितलं. तिनं दिलं. आईला मी हे कधीच सांगितलं नाही.

पाटीवरची पेन्सिल मात्र बोटांत राहीना, फार बारीक. तेव्हा तिनं बोटभर लांबीचा पोकळ बांबू कापला, आत चिंधी कोंबली आणि पेन्सिल त्यात घट्ट बसवली. बोटांच्या बेचक्यात ती नळी अशी बसली, की जणू तिथंच उगवली होती. आज हे मी लिहिते आहे ते पेनही अशाच नळीत आहे. चांगल्या चांगल्या कंपन्यांचे पेन आले घरात, भेट म्हणून, सत्कार म्हणून. नळी बांबूचीच लागते. या सत्तर वर्षांत मी तशा किती नळ्या करवून घेतल्या असतील, आणि दर वेळी करून देणाऱ्या बुरडाला मापं मीच सांगितली, जणू माझंच डोकं.

पाडव्यानंतर शाळेत गेले. पाटी समोर ठेवली, पायात नळी धरली, आणि लिहिलं. पोरं ओरडली. गुरुजी आले. त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाटी उचलून धोतराच्या सोग्यानं पुसली, कपाळाला लावली, आणि मग छडी घेतली. तळव्यांवर मारलं. हाताच्या नाही, माझ्या हाताला मारून उपयोग नव्हता, पायाच्या. सरस्वतीला पाय लावतेस, म्हणत होते. चार की पाच. मी मोजले नाहीत. गुरुजी दुष्ट नव्हते हो, हाच तर ताप आहे. दुष्ट असते तर मी त्यांना केव्हाच विसरले असते. ते खरोखर घाबरले होते. त्यांना वाटलं, शाळेत पाप घडलं.

आणि त्याच वेळी दारात पार्बताबाई उभी. गुरुजींच्या मुलीचं लग्न होतं, त्यासाठी सांगितलेलं नवं सूप ती द्यायला आली होती. आता सूप म्हणजे काय, ते आमच्याकडे कोणालाही विचारा. सूप म्हणजे लक्ष्मी. बाळ जन्मलं की सुपात ठेवतात. लग्नात सूप, पूजेत सूप. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा. त्या बाईनं सूप डोक्यावरून उतरवून छातीशी धरलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता म्हणाली:

"मास्तर, तुमच्या पोरीच्या लग्नाचं सूप आणलं. पायात धरूनच विणलं हाय, दरवेळी विणतो तसंच. लक्ष्मीले माहा पाय चालते, तं सरस्वतीले या पोरीचा काऊन नाई चालत?"

शाळेसमोरच्या पारावर चार माणसं बसली होती, त्यांतला एक खो खो हसला. गुरुजींना देवापेक्षा हसण्याची भीती जास्त. त्यांनी छडी कोपऱ्यात ठेवली, सूप बाहेर ठेवायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, मागं बैस आणि लिही, पण कोणाला दिसेल असं नको. एवढंच त्यांचं शिकवणं. पुढं हळूहळू काना-मात्रा दुरुस्त करू लागले, हेही खरं आहे. अथक परिश्रम ते हेच.

पण खरी गंमत पुढंच आहे, आणि ती आठवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पार्बताबाईचं ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आणि गावातल्या बायांना एकाएकी कळलं की सूप पायात धरून विणतात. अरे, पिढ्यान्‌पिढ्या त्या विणणाऱ्यांसमोर उभ्या राहून घासाघीस करत आला होतात तुम्ही! पण पाहणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. तोंडानं बोलल्यावर विटाळ झाला. नदीवर, विहिरीवर, मोहाच्या झाडाखाली एकच विषय: पायाखालचं सूप. गुरुजींच्या घरी लग्नात ते सूप वापरलं नाही, गोठ्यात शेण भरायला दिलं. चैत्र निम्मा होईस्तोवर पार्बताबाईच्या अंगणात टोपल्यांची उतरंड तशीच पडून होती, ऐन मोहाच्या दिवसांत.

आमच्या आईनंही घेतलं नाही. तिच्या लेकीला जिनं लिहितं केलं तिच्याकडून नाही घेतलं. ती मला घेऊन चामोर्शीच्या बाजाराला गेली आणि तिथून नवं सूप आणलं. विकणारा बुरड आमच्याशी भाव करता करता पुढचं सूप विणतच होता, अंगठ्यात कामटी धरून. आईनं ते पाहिलं. मी आईकडे पाहिलं. तिनं मान दुसरीकडे फिरवली आणि म्हणाली, दे दोन. नाकानं कांदे सोलणारं गाव आमचं, आणि आई त्याच गावची. तिला गावात राहायचं होतं, मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही.

मग डिप्टी साहेब आले. टोपी, खाकी, घोडागाडी. परीक्षेला मी मागं बसले होते, त्यांनी मला पुढं बोलावलं. त्यांनी एक वाक्य सांगितलं, मी लिहिलं. दुसरं सांगितलं, लिहिलं. साहेब खाली बसले, अगदी जमिनीवर, आणि माझ्या पायाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, बेटा, हे कोणी शिकवलं तुला?

दारात बाप उभा होता. गुरुजी टेबलाजवळ उभे होते, हात मागं बांधून, माझ्याकडे बघत. पास-नापास साहेबांच्या हातात, पुढच्या शाळेचा दाखला गुरुजींच्या हातात. कोणी मला शिकवलं नव्हतं काय बोलायचं ते. कोणी डोळे वटारले नाहीत. नऊ-दहा वर्षांची मी, पण मला सगळं कळत होतं. पार्बताबाईचं नाव घेतलं असतं तर पुन्हा तेच सूप, तोच पाय, तेच हसणं निघालं असतं.

"गुरुजींनी," मी म्हणाले.

साहेबांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली आणि शेरेबुक मागवलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्यानंतर माझ्याकडे कधीच सरळ पाहू शकले नाहीत, ही एकच गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगता येईल. मी चौथी पास झाले.

पार्बताबाई पावसाळ्याआधीच गाव सोडून गेली. कोणी हाकललं नाही. नुसतं विकत घेणं बंद केलं. मी तिला निरोप द्यायलाही गेले नाही, लाज वाटत होती म्हणून. तिच्या घराच्या जागी पुढं कोणी वांगी लावली.

तीन वर्षांनी मी चामोर्शीला सातवीत होते. आठवडी बाजारात ती दिसली, टोपल्यांच्या ढिगाजवळ बसलेली, केस पिकलेले. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि हसली. मी म्हणाले, बाई, मी त्या दिवशी साहेबांना तुमचं नाव नाही सांगितलं. ती म्हणाली, माहीत हाय, मी कुडाच्या मागं उभी होती. आणि लगेच विचारलं, पास झाली होती नं? मी मान हलवली. मंग झालं, ती म्हणाली, आणि एका गिऱ्हाइकाला टोपलीचा भाव सांगितला. मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. मग हे सगळं मला एकटीला करावं लागलं नसतं.

निघताना तिनं थांबवलं. एक काडी पुढं केली, राखेच्या दिवसांत करायची तशीच, आणि म्हणाली, माहं नाव काढून दाखव. कसं दिसते ते मी कधी पाह्यलं नाई. मी बाजारातल्या धुळीत काडी धरली आणि लिहिलं: पार्बता. ती वाकली, मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली:

"येवढंच हाय?"

मी हसले. हो बाई, तीनच तर अक्षरं. ती उठली, आणि टोपल्या इकडून तिकडे मांडताना त्या अक्षरांवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली. पायानं जगणारी बाई ती. मागून एक बैल आला आणि त्यावरून चालत गेला.

तर मुख्याध्यापिकाबाई, गुरुजींबद्दलचे दोन शब्द वर आहेत, शोधून घ्या. फोटोशेजारी छापा नाहीतर छापू नका. शेरेबुकातला तो शेरा माझ्या तोंडचा आहे, त्यावर काट मीच मारते आहे. जिनं मला लिहायला शिकवलं तिचं नाव स्मरणिकेत घाला. पहिल्या पानावर, पूर्ण.

आणि इथंच अडले आहे मी, सकाळपासून. गुरुजींचं नाव मला वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पदवीसकट येतं. तिच्या नवऱ्याचं नाव मला माहीत नाही. आडनाव माहीत नाही. बाप कुठल्या गावचा, माहीत नाही. तिच्या घरी बसले, तिचं पाणी प्याले, तिनं दिलेल्या नळीवर आयुष्य काढलं, पुस्तकं लिहिली, आणि हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. बाहेर मोह गळतो आहे. कागदावर मी तिचं नाव लिहून ठेवलं आहे, चांगलं वळणदार, आणि दुपारपासून त्याच्याकडे बघते आहे.

पार्बता.

येवढंच हाय.